पडका वाडा, भरलेला वाडा : लेस्टरजवळ मुलाबाळांसह

इंग्लंडातल्या सरदार-उमरावांच्या जुन्या हवेल्या मुलांना घेऊन बघायच्या म्हटल्या की पहिली दोन दालनं बरी जातात. पुढे सगळीकडे तेच. सोनेरी चौकटीतले पूर्वज, दोरी लावलेल्या खुर्च्या आणि दर मिनिटाला "हात लावू नकोस". बाहेर शेकडो एकर मोकळं रान पडलेलं, आणि आपण आत झुंबराखाली पोरांना दटावत उभे. म्हणून माझं मत असं की, मुलं बरोबर असतील तर चकचकीत राजवाडे सोडावेत. एक तर पार पडलेला वाडा बघावा, नाहीतर पुरता अस्ताव्यस्त. लेस्टरच्या बाजूला ही दोन्ही टोकं गाडीने तासाभराच्या आत सापडतात : ब्रॅडगेट पार्क आणि कॅल्क ॲबी.

मे अखेरीस इथल्या शाळांना आठवड्याची सुट्टी असते. त्याच सुमारास साताऱ्याहून सासू-सासरे आले होते. म्हणजे आठ वर्षांची थोरली, चार वर्षांचा धाकटा, गुडघेदुखी असलेल्या आजी, सगळे फलक वाचल्याशिवाय पुढे न सरकणारे आजोबा आणि आम्ही दोघं. अशी टोळी असेल तर दोन्ही जागा एकाच दिवसात उरकायचा हट्ट करू नका. एकेका जागेला एकेक दिवस द्या.

ब्रॅडगेट लेस्टरच्या वायव्येला, शहरापासून दहा-अकरा किलोमीटरवर. ८३० एकरांचं हे रान १९२८ साली चार्ल्स बेनियन या उद्योजकाने विकत घेतलं आणि लेस्टरशायरच्या लोकांना कायमचं देऊन टाकलं. बूट बनवायच्या यंत्रांच्या धंद्यातला हा माणूस. आत जायला आजही तिकीट नाही, पैसे फक्त पार्किंगचे. इथे एक लक्षात ठेवा, ही जागा नॅशनल ट्रस्टची, म्हणजे जुन्या वास्तू आणि रानं जपणाऱ्या संस्थेची नाही, त्यामुळे ट्रस्टचं सभासदत्व असलं तरी पार्किंगला ते चालत नाही. यंत्रासमोर कार्ड नाचवत वाद घालणारी मंडळी बघितली म्हणून सांगते.

पार्किंग कुठलं निवडता यावर सगळा दिवस ठरतो. न्यूटाउन लिनफर्ड गावाच्या बाजूने शिरलात तर लिन नावाच्या ओढ्याच्या काठाने सपाट, पक्का रस्ता थेट पडक्या वाड्यापर्यंत जातो. बाबागाडी आणि दुखरे गुडघे दोन्ही आरामात जातात. ओढा उथळ आहे, मुलं त्यात उतरणारच, तेव्हा कोरडे मोजे आणि जादा चड्डी पिशवीत हवीच. टेकडीवरचा ओल्ड जॉन बुरूज हे तुमचं मुख्य आकर्षण असेल तर हंट्स हिलचं पार्किंग धरा. तिथून चढ थोडका आहे. खालून बुरुजापर्यंत चार वर्षांच्या मुलाला नेणं म्हणजे शेवटी त्याला खांद्यावर घेणं, हे गृहीतच धरा.

आम्ही ओढ्याच्या वाटेने गेलो. वळणावर डावीकडे नेच्यांच्या झुडपात तांबड्या हरणांचे नर बसले होते. मे महिन्यात त्यांची शिंगं नवी फुटत असतात आणि त्यांच्यावर मखमलीसारखी केसाळ कातडी असते. एकाच्या शिंगाच्या टोकाशी माश्या घोंघावत होत्या आणि तो कंटाळून नुसता कान हलवत होता. थोरलीने दुर्बिणीतून बघून जाहीर केलं, "आजी, त्याची शिंगं सॉफ्ट टॉयची आहेत!" हरणं माणसांना सरावलेली आहेत, पण म्हणून जवळ जायचं नाही. पन्नासेक मीटर अंतर राखा आणि काहीही खायला घालू नका. जूनमध्ये पाडसं गवतात लपवून ठेवलेली असतात. एकटं दिसलं तरी ते हरवलेलं नसतं, हात लावू नका. ऑक्टोबरात नर माजावर येतात, तेव्हा तर अंतर दुप्पट करा. पण तेव्हाचं ते डुरकणं मुलांना एकदा ऐकवावं असंच आहे.

वाडा १५००च्या आसपासचा, ग्रे घराण्याचा. विटांचा, आणि तटबंदी नसलेला. गढी न बांधता नुसतं राहायचं घर बांधायची हिंमत उमरावांना येऊ लागली, त्या सुरुवातीच्या काळातलं हे बांधकाम. आता काही बुरूज, एक देऊळवजा चॅपल आणि गुडघाभर भिंती उरल्यात. लेडी जेन ग्रेचं बालपण इथे गेलं. १५५० साली रॉजर ॲस्कम नावाचा विद्वान इथे आला, तेव्हा घरची सगळी मोठी माणसं रानात शिकारीला गेलेली आणि ही पोरगी एकटी घरात बसून प्लेटो वाचत होती, तोही ग्रीकमधून. पुढे तीनच वर्षांनी, जुलै १५५३ मध्ये, मोठ्यांच्या राजकारणाने तिला गादीवर बसवलं आणि नऊ दिवसांत उतरवलं. १२ फेब्रुवारी १५५४ला लंडनच्या टॉवरमध्ये तिचा शिरच्छेद झाला. तेव्हा तिने विशीही गाठली नव्हती.

ही गोष्ट मुलांना सांगायची की नाही, यावर आमच्यात कुजबुज झाली. आजोबांनी सांगून टाकली, झाडांच्या निमित्ताने. पार्कात कितीतरी जुने ओक शेंड्याशी छाटलेले आहेत. जेनच्या मृत्यूचा शोक म्हणून वनरक्षकांनी झाडांची डोकी उडवली, अशी दंतकथा आहे. खरं कारण साधं : हरणांचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर छाटलं की नवे फुटवे वाचतात आणि लाकूडही मिळत राहतं. धाकट्याने झाड नीट निरखलं आणि विचारलं, "झाडाला परत फांद्या आल्या, मग तिला का नाही डोकं आलं?" आजोबांनी फलक वाचायला घेतला.

वाड्याच्या आतल्या भागाचं कुंपण ठरावीक वेळांनाच उघडतं, ते आधी पार्कच्या वेबसाइटवर बघून निघा. बंद असलं तरी बाहेरून बरंच दिसतं आणि मोरही दिसतात. हो, मोर. आजींना इंग्लंडात येऊन मोर बघायला लागल्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. मुलांना मात्र हरणांपेक्षा त्याचंच अप्रूप.

दगडांकडेही बघायला सांगा. इथले खडक सुमारे ५६ कोटी वर्षांपूर्वीचे, ज्वालामुखीच्या राखेतून बनलेले. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ जेमतेम साडेसहा कोटींचा. ब्रॅडगेट ज्यात येतं त्या चार्नवूडच्या टापूत एका दगडखाणीत १९५६ मध्ये टीना नेगस या शाळकरी मुलीला पानासारखा ठसा दिसला. इतक्या जुन्या खडकात जीवाश्म असूच शकत नाही, म्हणून शिक्षिकेने तिचं ऐकलं नाही. पुढल्या वर्षी रॉजर मेसन या मुलाला तोच ठसा सापडला, तो तज्ज्ञांपर्यंत पोचला, आणि जीवाचं नाव 'चार्निया मेसोनाय' पडलं. मूळ दगड लेस्टरच्या न्यू वॉक संग्रहालयात आहे. पावसाचा दिवस निघाला तर तिकडे वळवा. थोरली अजूनही त्या शिक्षिकेवर चिडून आहे.

जेवणाचं म्हणाल तर पार्कात चहा-खाऊची सोय आहे, पण सुट्टीच्या दुपारी रांग मोठी. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी बटाट्याची भाजी आणि थर्मासात चहा नेला होता. वाऱ्याला कागदी ताटल्या टिकत नाहीत, झाकणाचे डबे न्या. टेकडीवर मे महिन्यातही कानटोपी लागते. आणि घरी आल्यावर मुलांच्या पोटऱ्या, गुडघ्यामागची खाच, कमरेचा पट्टा बसतो ती जागा नीट तपासा. हरणांच्या रानात गोचीड असतात आणि त्यांच्यापासून लाइम आजार होऊ शकतो. पॅंट मोज्यात खोचून चालणं दिसायला गबाळं, पण उपयोगाचं. गोचीड चिकटलाच तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा. रॉकेल, तूप, काडेपेटी हे घरगुती प्रयोग नकोत.

कॅल्क ॲबी लेस्टरशायरची हद्द ओलांडून डर्बीशायरमध्ये, टिकनॉल गावाजवळ. ही मात्र नॅशनल ट्रस्टची. वर्षातून चार-पाच ठिकाणी जाणार असाल तर कुटुंबाचं सभासदत्व परवडतं, पार्किंगही त्यात येतं. एकदाच जाणार असाल तर तिकीट काढा. पाच वर्षांखालच्यांना लागत नाही. घराच्या आत जायची वेळ आधी ठरवावी लागते का, हे निघण्यापूर्वी बघा, सुट्टीत दुपारच्या वेळा आधी संपतात. सकाळची पहिली वेळ घ्या. पोरं ताजी असतात आणि बाहेरचं रान नंतर बक्षीस म्हणून दाखवता येतं. उलट क्रम लावलात तर चिखलाचे गमबूट घालून गालिच्यांवर जायची वेळ येते. बाबागाडी आणि पाठीवरची मोठी पिशवी आत चालत नाही, तान्हं मूल असेल तर झोळीत बांधून न्या.

हार्पर क्रू घराण्याचं हे घर १७०१ ते १७०४ या काळात बांधलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या माणसंच अशी की लोकांत मिसळायला नको आणि घरातली वस्तू टाकायला नको. एका सरदाराने १७९२ साली एका बाईसाहेबांच्या खासगी दासीशी रीतसर लग्न केलं, आणि वरच्या वर्तुळातून बाद झाला. त्याचा वंशज सर व्हॉन्सी याला पक्षी, अंडी, फुलपाखरं जमवायचा नाद. मोटारीला इस्टेटीत बंदी. तो १९२४ मध्ये वारला. घरात वीज आली ती १९६२ साली! १९८१ मध्ये मालक वारले, वारसा कराचा डोंगर उभा राहिला आणि १९८५ मध्ये घर ट्रस्टकडे आलं. ट्रस्टने एक शहाणपणा केला. गळतं ते थांबवलं, पण रंगरंगोटी केली नाही. सापडलं तसं ठेवलं.

त्यामुळे आत शिरल्यावर भिंतीवरून कागद लोंबतोय, कोपऱ्यात खुर्च्यांवर खुर्च्या, पलंगावर हरणांची शिंगं, आणि जिकडे बघावं तिकडे काचेच्या पेट्यांत पेंढा भरलेले पक्षी. धाकटा आधी माझ्या ओढणीत शिरला. मग हळूच, "हे झोपलेत?" आजी पुटपुटल्या, "मुडदे भरून ठेवलेत घरात." पण पुढच्या दोन खोल्यांत त्याच त्या धाकट्याने पेट्या मोजायला सुरुवात केली. मुलांना कामाला लावायची युक्ती सांगते. आत शिरताना प्रत्येकाला एकच प्राणी शोधायला द्या. थोरलीला घुबड, धाकट्याला मगरीचं डोकं. आवाज कमी होतो, पाय दुखत नाहीत. मुलांची जुनी खेळणी असलेल्या खोलीपाशी मात्र थांबावं लागतं. डुलता घोडा दिसतो पण बसता येत नाही, याची तयारी आधीच करून ठेवा.

आजी बराच वेळ एका खोलीच्या दाराशी उभ्या राहिल्या. तिथे टोपल्या, ट्रंका, मोडके पाळणे, बरण्या. "आमच्या वाड्याच्या माळ्यावर हेच होतं," त्या म्हणाल्या, "फक्त तिकीट लावायचं आम्हाला सुचलं नाही."

एका खोलीत काचेआड चिनी रेशमाचा पलंग आहे, तो अजिबात चुकवू नका. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. पडदे खोक्यातून कधी बाहेर काढून लावलेच नव्हते, त्यामुळे उजेड लागला नाही आणि निळा, केशरी रंग काल भरल्यासारखा. भरतकामात मोरपिसं घट्ट वळून वापरलीत. भरतकाम करणाऱ्या आजींनी इथे नाक काचेला टेकवलं, तेव्हा पहिल्यांदा "हात लावू नकोस" हे मुलांनी मोठ्यांना म्हटलं.

घरात जिने बरेच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालचा मजला बघून बागेत बसावं, बाकीच्यांनी वर जावं, असं वाटून घ्या. पुढे भुयारं : एक बिअर बनवायच्या जागेकडे जाणारं, एक माळ्यांसाठीचं. माळी येता-जाता मालकांच्या नजरेला पडू नयेत म्हणून ही सोय! धाकटा त्यातून आरडत पळाला, थोरलीने मात्र "का नको दिसायला?" विचारलं. रानात हजार वर्षांहून जुना एक ओक आहे, हरणांचं वेगळं आवार आहे आणि जुन्या ट्रामच्या मार्गावरून आखलेली वाट आहे. सायकली आणल्या असत्या तर ती आवडली असती. उपाहारगृहातला स्कोन छान, पण दीड वाजता गेलात तर टेबल मिळणार नाही. बाराला जा.

गाडी नसेल, म्हणजे मुलं इथे शिकतायत आणि तुम्ही भाचरं-नातवंडं घेऊन आलायत, तर या दोन्हींऐवजी नॉटिंगहॅमचं वोलाटन पार्क धरा. शहरातून बस जाते. १५८८ साली पुरी झालेली एलिझाबेथकालीन हवेली, आत प्राण्यांचं संग्रहालय, बाहेर हरणांचं ५०० एकर रान. बॅटमॅनचं घर म्हणून हीच हवेली २०१२च्या चित्रपटात दाखवली होती. दहा वर्षांपुढच्या मुलांना बाकी काही सांगायची गरज पडत नाही. परतीच्या बसची वेळ मात्र उतरल्या उतरल्या थांब्यावरच बघून ठेवा.