ओदिनच्या घरातली भाऊबंदकी: आइसलँडमधून

रेकयाविकच्या जुन्या भागात, हाल्ग्रिम्सकिर्क्या या उंच चर्चच्या उतारावर, एक अख्खी वस्ती नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या देवांच्या नावांची आहे. ओदिन्सगाता, थोर्सगाता, फ्रेयुगाता, न्यार्दारगाता. रंगीत पत्र्याची घरं, खिडक्यांत कुंड्या, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर एकेका देवाची पाटी. थॉरचा रस्ता आणि लोकीची गल्ली शेजारी शेजारी, समांतर जातात. बाल्दुर्सगाताला जिथे नोन्नुगाता येऊन मिळते तिथे मी बराच वेळ थांबले. ओदिन हा या देवांचा प्रमुख, बाल्दर त्याचा सर्वांत लाडका मुलगा आणि नान्ना बाल्दरची बायको. बाल्दरच्या चितेपाशी दुःखाने तिचंही काळीज फुटलं, आणि दोघांना एकाच चितेवर ठेवलं. ज्याच्या हातून बाल्दर मेला त्या आंधळ्या भावाच्या, होदच्या नावाचीही एक गल्ली याच वस्तीत आहे. फार अरुंद. माणसांनी आपल्या गावात देवांचं घर वसवलं तेव्हा खुनी भावालाही बाहेर ठेवलं नाही, याचं मला मनापासून अप्रूप वाटलं.

माझ्याबरोबर माझा भाचा होता. त्याचं सगळं नॉर्स पुराण चित्रपटांतून आणि गेममधून आलेलं. लोकीच्या गल्लीच्या पाटीखाली फोटो काढून घेताना तो म्हणाला, "मावशी, लोकी थॉरचा दत्तक भाऊ ना?"

"नाही रे. लोकी ओदिनचा भाऊ. रक्त मिसळून केलेला."

त्याला पटेना. पटणार तरी कसं? 1962 मध्ये मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये थॉर आला आणि त्याच्या मागोमाग लोकी, थॉरचा मत्सरी भाऊ म्हणून. 2011 च्या चित्रपटाने ते नातं जगभर पोचवलं: ओदिन बाप, थॉर सख्खा मुलगा, लोकी शत्रूच्या घरातून उचलून आणलेला. लाउफेय ही मुळात लोकीची आई. चित्रपटात तिचा हिमराक्षसांचा राजा झाला, म्हणजे आईचा बाप झाला. 2017 च्या भागात तर मृतांच्या राज्याची राणी हेल ही ओदिनची थोरली मुलगी ठरली. मूळ कथेत ती लोकीची मुलगी आहे.

दुसऱ्या दिवशी त्याला विद्यापीठाजवळच्या एद्दा नावाच्या इमारतीत नेलं. ही लंबगोल इमारत 2023 मध्ये उघडली. बाहेरच्या धातूच्या भिंतींवर जुन्या हस्तलिखितांतली अक्षरं मोठी करून उमटवली आहेत. आत दिवे मंद, चामड्याच्या पानांना उजेड सोसत नाही म्हणून. आम्ही ज्याच्यासाठी गेलो होतो ते 'राजाचं पुस्तक', कोन्युंग्सबोक, 1270 च्या सुमाराचं. देवांची बहुतेक जुनी काव्यं जगाला या एका वहीमुळे माहीत आहेत, आणि वही आहे केवढी? दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढी. पानं धुरकट तपकिरी, अक्षरं बारीक आणि दाटीवाटीने बसवलेली, कारण पानं वासरांच्या कातड्याची, जपून वापरायची. मधली काही पानं शतकांपूर्वीच हरवली, 45 उरली. 1662 मध्ये एका बिशपने ती डेन्मार्कच्या राजाला भेट पाठवली. 1971 च्या एप्रिलमध्ये डॅनिश जहाजातून ती परत आली तेव्हा तिच्या स्वागताला बंदरावर हजारो लोक जमले होते. एका हस्तलिखितासाठी! त्या काचेसमोर उभं राहिल्यावर मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मीही गेले असते.

याच वहीत ते काव्य आहे जिथे सगळे देव मेजवानीला बसलेत आणि बाहेर काढलेला लोकी दारात येऊन उभा राहतो. कोणी जागा देईना. तेव्हा तो फक्त ओदिनकडे बघतो आणि आठवण करून देतो: पूर्वी आपण दोघांनी रक्त मिसळलं होतं, दोघांना मिळाल्याखेरीज मद्याला तोंड लावणार नाही असा तुझा शब्द होता. ओदिन काय करणार? तो आपला मुलगा विदार याला सांगतो, ऊठ, लांडग्याच्या बापाला बसायला जागा दे. विदार उठतो आणि लोकीचा पेला भरतो. आता यात काय काय आहे बघा. तो लांडगा म्हणजे फेनरिर, लोकीचा मुलगा, जो शेवटच्या युद्धात ओदिनला गिळणार आहे. आणि फेनरिरला मारून बापाचा सूड घेणार आहे तो हाच विदार. पेला भरताना हे सगळं घरात ठाऊक आहे.

म्हणूनच दत्तक मुलाची गोष्ट मला मुळातल्यापेक्षा सौम्य वाटते. चित्रपटातला लोकी अन्याय झालेलं पोर आहे. त्याच्यासाठी जीव तुटतो आणि ते काम फार छान झालंय. पण मूळ कथेत दोष घरच्या कर्त्या माणसाकडे जातो. लोकीला ओदिनने स्वतः निवडलं, शब्द दिला, आणि त्या शब्दातून त्याला कधीच सुटता आलं नाही.

बाल्दरच्या मृत्यूनंतर त्याला परत आणायला हेर्मोद हा देव निघतो. तो ज्या आठ पायांच्या घोड्यावर बसतो तो स्लेइप्निर लोकीच्या पोटचा, लोकी घोडी झाला होता तेव्हाचा. पोचतो हेलकडे, ती लोकीची मुलगी. मारण्याची मसलतही लोकीचीच. देवांचं दुःखसुद्धा लोकीच्या लेकरांच्या दारातून जातं! आणि सूड? ओदिनच्या एका मुलाने दुसऱ्याला मारलं, तर बाप कोणावर शस्त्र उचलणार? म्हणून तो फक्त सूडासाठी तिसरा मुलगा जन्माला घालतो. मग स्नॉरी या तेराव्या शतकातल्या लेखकाच्या 'एद्दा' नावाच्या पुराणग्रंथात देव लोकीला पकडतात, त्याच्या एका मुलाचा लांडगा करतात, तो दुसऱ्याला फाडतो, आणि त्या मुलाच्या आतड्यांनी बापाला खडकाला बांधतात. दोन्ही घरांत भावाने भाऊ मारला. आपल्याकडे देव आणि दैत्य दोघंही कश्यपाची मुलं, आया वेगळ्या. त्यामुळे मराठी माणसाला हे वैर समजायला जड जाऊ नये. ओदिनची आईसुद्धा राक्षसकुळातली, आणि थॉरच्या एका मुलाचीही.

भाच्याने इथे 'गॉड ऑफ वॉर'चा विषय काढला, आणि ते बरोबरच होतं. 2018 च्या त्या गेममधल्या मुलाला शेवटी कळतं की त्याचं दुसरं नाव लोकी, आणि त्याची वारलेली आई लाउफेय राक्षसकुळातली होती. बाप अगदी परका घातलाय, पण आईला तिची जागा परत मिळाली.

रेकहोल्ट या गावी गाडीने गेलो. समुद्राखालचा बोगदा, मग बोर्गार्नेस, मग हिरवी सपाट दरी. रस्त्याबद्दल एवढंच. इथे स्नॉरी स्टुर्लुसन राहायचा. 1220 च्या सुमारास त्याने गद्य एद्दा लिहिली, आणि देवांची ही नाती आज आपल्याला इतकी सलग कळतात ती बहुतांशी त्याच्यामुळे. त्याचं गरम पाण्याचं कुंड अजून आहे: दगडांनी बांधलेला गोल, सुमारे चार मीटर रुंद, वर वाफ. कुंडामागच्या उतारात एक छोटं लाकडी दार आहे, तिथून भुयार त्याच्या घराकडे जायचं. दगड हाताला कोमट लागत होते.

1241 च्या सप्टेंबरमधल्या एका रात्री याच घराच्या तळघरात स्नॉरीला मारलं. "घाव घालू नका," एवढं तो म्हणाला. माणसं घेऊन आला होता गिझूर, त्याचा एके काळचा जावई. हाती नॉर्वेच्या राजाचं पत्र होतं; पण त्याच वर्षी स्नॉरीची बायको वारली होती, तिच्या पहिल्या मुलांशी वारशावरून वाद पेटला होता, आणि गिझूर त्या मुलांचा काका होता.

"मग गिझूरचं काय झालं?" परतीच्या वाटेवर भाच्याने विचारलं. 1253 मध्ये गिझूरने समेटासाठी आपल्या मुलाचं लग्न स्नॉरीच्या कुळातल्या मुलीशी लावलं. लग्नाच्या मेजवानीनंतर रात्री शत्रूंनी घर पेटवलं. त्यांचा म्होरक्याही त्याच कुळाचा जावई. गिझूरची बायको आणि तिन्ही मुलगे गेले. नवरी वाचली, आणि गिझूर वाचला तो निवळीच्या पिंपात लपून. भाचा म्हणाला, यावर मालिका व्हायला हवी. मलाही पहिल्याच दिवशी बघायची आहे. फक्त त्यात सासुरवाडीकडची माणसं गाळू नयेत.