प्राजक्त आणि अक्का

यंदा आमचा प्राजक्त असा काही फुललाय, की सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नाही! शेजारच्या अक्का परडी घेऊन उजाडायच्या आत हजर. एरवी खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही, याचं चालतं.

आज त्यांना म्हटलं, बहर ओसरला की छाटणार. "नको गं बाई, फुलतं झाड कुणी तोडतं का!" झालं, अर्धा तास वाद. आता याला फुलं येतात नव्या फुटीवर; छाटलं नाही तर झाड नुसतं उंच जातं. अक्कांना अजिबात पटलेलं नाही.

बेळगावचा पाऊस माहीतच आहे. मुळाशी पाणी तुंबलं की खेळ खलास, म्हणून खानापूरची लाल माती घालून उंचवट्यावर लावलंय. पानं पॉलिश पेपरसारखी खरखरीत, त्यामुळे गुरंही फारशी तोंड लावत नाहीत. देठांचा केशरी रंग मात्र बोटांवरून जाता जात नाही; पूर्वी यात रेशीम रंगवायचे.

चपट्या बोंडांतल्या बिया रुजून बरीच रोपं झालीत. टिळकवाडी, शहापूरकडच्या कुणाला हवं असेल तर या. कुंडी आपापली आणा, आणि अक्कांसमोर छाटणीचा विषय काढू नका.