न्युर्नबर्गच्या बाजारातली लोखंडी चिल्लर

जर्मनीतल्या न्युर्नबर्गच्या ट्रेम्पेलमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या शहराच्या गल्ल्यांत भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, एका टेबलावर खोकंभर काळपट नाणी दिसली आणि माझी पुढची भटकंती तिथंच थांबली. दुकानदार आजोबांनी हातात छोटं लोहचुंबक दिलं. चिकटलं तर लोखंड, नाही तर जस्त. लोखंडी नाण्यांच्या कडा गंजलेल्या, जस्ताच्यांवर पांढुरकी भुकटी धरलेली. काही चक्क अष्टकोनी! एका बाजूला शहराचं मानचिन्ह, दुसऱ्या बाजूला आकडा आणि 'क्रीग्सगेल्ड', म्हणजे युद्धाचा पैसा.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटताच लोकांनी चांदीची नाणी घरात दडवली. पुढे निकेल पोलादासाठी आणि तांबं काडतुसांसाठी हवं झालं, तेव्हा सरकारनं निकेलची नाणी परत घेऊन लोखंडी काढली. ती पुरेनात. पाव घ्यायचा, ट्रामचं तिकीट काढायचं, तर सुटे आणायचे कुठून? मग नगरपालिकांनी आणि कारखान्यांनीही आपापली नाणी पाडली. बहुतेक नाणी त्या त्या गावापुरतीच चालायची. आपल्याकडे १९४३ साली आलेला भोकाचा पैसाही युद्धातल्या धातुटंचाईचाच, पण तो सरकारी टांकसाळीचा. इथं मात्र गावानं स्वतः पुढे होऊन आपली अडचण सोडवली, आणि मला त्याचंच फार अप्रूप वाटतं.

यातली कितीतरी नाणी न्युर्नबर्गमध्येच, लाउअर या खाजगी टांकसाळीत पडली. न्युर्नबर्ग-फ्युर्थ ट्रामची २० फेनिगची (फेनिग म्हणजे मार्कचा शंभरावा भाग) अॅल्युमिनियमची नाणीही खोक्यात सापडली. इतकी हलकी, की तळहातावर वजनच जाणवत नाही. त्यातली दोन घेतली.

तिथून बॉनला गेलो. बॉनगासे या गल्लीतलं संगीतकार बेटहोवेनचं (आपल्याकडे बीथोवेन) जन्मघर पाहायचं होतंच, पण आजोबांनी दाखवलेलं बॉनचं नाणं डोक्यातून जात नव्हतं. युद्ध संपलं तरी सुट्यांची चणचण संपली नव्हती, म्हणून बॉननं १९२० मध्ये लोखंडी नाणी काढली. ते वर्ष बेटहोवेनच्या जन्माचं दीडशेवं, त्यामुळे नाण्यावर त्याचाच चेहरा. हरलेल्या, उपाशी देशातल्या एका शहराला फेनिगांच्या चिल्लरीवर आपला संगीतकार कोरावासा वाटला! मी ते विकत घेतलं नव्हतं. आता शोधतोय, शक्यतो कमी गंजलेलं.