पोहोच

सोमवार, रात्री साडेदहा

आज ह्यांना पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. सकाळी अकराला गेले ते दिवेलागणीला परत आले. एवढ्या वेळात प्रत्यक्ष विचारपूस झाली वीसएक मिनिटं. बाकी सगळा वेळ बाकावर. "साहेब बंदोबस्ताला गेलेत, बसा." दुपारी डबा पाठवते म्हणून फोन केला, तर म्हणाले, नको, इथे बसून खाणं बरं दिसत नाही.

अर्ज निनावी आहे. खाली सही 'परिसरातील जागरूक नागरिक'. आमच्या घरी दर रविवारी दुपारी गोरगरीब बायकांना गोळा करतात, आजार बरे करण्याचं आमिष दाखवून त्यांचं धर्मांतर करतात, आणि यासाठी परदेशातून पैसा येतो. परदेशातून या घरात आजवर आलेली एकच वस्तू म्हणजे ह्यांच्या आतेबहिणीने मस्कतहून आणलेली बॅटरी. तीही दोन वर्षांपासून बंद आहे.

आता लिहिताना हसू येतंय, संध्याकाळी येत नव्हतं. आल्या आल्या हे न्हाणीत गेले आणि नळ सोडून नुसते उभे राहिले. बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद होईना, तेव्हा मी आत गेले. पस्तीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या आईशिवाय ह्यांना कुणी अरे-तुरे केलेलं मी ऐकलं नाही. आज पंचविशीतल्या एका पोराने विचारलं, "काय रे, एका माणसामागे किती मिळतात तुला?" ते सांगताना ह्यांचा आवाज आकड्यावर नाही, त्या 'रे'वर अडकला.

प्रार्थनेला नेहमीसारखं तेविसावं स्तोत्र काढलं. शत्रूंच्या देखत तू माझ्यापुढे ताट वाढतोस, ही ओळ आली आणि मला पुढे वाचवेना. सकाळच्या चहावर राहिलेला माणूस समोर बसला होता.

मंगळवार

पुण्याहून मुलाचा फोन. "आई, थोडे दिवस रविवारचं बंद ठेवा ना. कशाला वाढवायचं?" सुनेने मागून विचारलं, कुणी व्हिडिओ काढलाय का. त्यांचं चूक नाही. हल्ली अब्रू आधी मोबाइलवर जाते, माणूस ठाण्यात मागाहून पोहोचतो.

दुपारी पाळकसाहेब येऊन गेले. मत्तयाचा पाचवा अध्याय वाचला. 'नीतिमत्त्वाकरता ज्यांचा छळ झाला आहे ते धन्य.' पाळकसाहेब मनाचे चांगले आहेत, पण मला आज काही धन्य वाटलं नाही. मंडळीत दुःखाच्या घरी वचन देऊन निघून जायची एक रीत पडली आहे, ताप न बघता क्रोसिन द्यावी तशी. मी स्वतः शेकडो वेळा तसं केलं असेल. मिळणाऱ्याच्या बाजूला बसल्यावर कळतं.

ते गेल्यावर पणजीचं बायबल काढलं. आमच्या घरात ते देवासारखं जपलेलं आहे (हे वाक्य पाळकसाहेबांना आवडणार नाही). पंडिता रमाबाईंचं भाषांतर, केडगावला मुक्ती मिशनच्या छापखान्यात १९२४ साली छापलेलं. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून कितीतरी वर्षं त्यावर बसल्या होत्या. काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. छापलेलं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. माझी पणजी १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून केडगावला आणलेल्या पोरींमधली. आई सांगायची, ती पुढे त्याच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायची. अक्षरं उलटी वाचायची सवय तिला म्हातारपणापर्यंत होती, आरशात बघितल्यासारखी.

"तांदळाच्या पोत्यावर बाटलेले," असं कालच्या त्या पोराने म्हटलं होतं. हे मला ह्यांनी आज सांगितलं, काल गिळलं होतं. मला वाटलं, त्याला सांगावं, हो बाबा, माझी पणजी भुकेली होती. भुकेल्या पोरीला कुणीतरी जेवू घातलं, अक्षर शिकवलं, हाताला काम दिलं. यात लाज कुणाला वाटायला हवी?

त्या जाड पानांत पस्तिसावं स्तोत्र लागलं. इतकी वर्षं ते भरभर उलटून पुढे जात होते. खोटे साक्षीदार उठतात आणि मला ठाऊकच नाही ते मला विचारतात, असं दावीद म्हणतो. अगदी ठाण्यातलं बाकडं. आणि तेराव्या-चौदाव्या ओवीत तो सांगतो, हेच लोक आजारी होते तेव्हा मी गोणपाट नेसलो, उपास केले, आईसाठी शोक करावा तसा वाकून चाललो.

इथे मात्र मी पुस्तक मिटलं. शेजारच्या आजींच्या पाठीला जखमा झाल्या होत्या तेव्हा चार महिने रोज सकाळी ड्रेसिंग मी केलं होतं. ड्युटीवर जायच्या आधी, साडेसहाला. अर्ज कुणी केला हे मला माहीत नाही, आणि कागदावर नाव नसताना मी कुणाचं लिहिणारही नाही. पण मन बोळाच्या पलीकडेच जातं.

त्या स्तोत्रात पुढेमागे शत्रूचा नाश व्हावा, तो स्वतःच्याच जाळ्यात अडकावा, अशीही मागणी आहे. ती काही मला वाचवली नाही. म्हणजे खरं सांगायचं तर वाचली. एकदा. मोठ्याने. घरात कुणी नव्हतं.

मग बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. इतकं कडू बोलणं शास्त्रात आहे आणि कुणी ते खोडून काढलेलं नाही, याचा आज मला त्या 'धन्य'पेक्षा जास्त आधार झाला.

बुधवार

पेत्राचं पहिलं पत्र घेऊन बसले. निवृत्तीनंतर टपालाने बायबलचा अभ्यासक्रम केला होता, त्याची वही सापडली. हे पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया इथल्या पांगलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. त्याखाली मी तेव्हा प्लिनीची गोष्ट टिपून ठेवली होती. हा माणूस साधारण इ. स. ११२ च्या सुमारास त्याच बिथुनिया-पंत भागाचा रोमन सुभेदार होता. त्याच्याकडे ख्रिस्ती लोकांच्या नावांची एक यादी आली, निनावी. त्याने चौकशी केली, दोन दासींचे हाल करून माहिती काढली, ज्या मंडळीत सेविका होत्या. हाती काय लागलं? ही माणसं ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून गाणं म्हणतात, चोरी, व्यभिचार, लबाडी करणार नाही अशी शपथ घेतात आणि एकत्र साधं अन्न खातात. सम्राट त्राजानने उत्तर पाठवलं, या लोकांना हुडकत फिरू नका आणि निनावी अर्ज तर मुळीच घेऊ नका, ते आपल्या काळाला शोभत नाही. सुटका म्हणावी असं उत्तर ते नव्हतं, कबुली दिली तर शिक्षा होतीच. पण निनावी कागद घ्यायचा नाही, एवढं त्या रोमच्या राजाला कळत होतं.

ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "उद्या जाताना त्राजानला बरोबर घेऊन जातो." दोन दिवसांनी पहिल्यांदा ते काही गमतीचं बोलले.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण चौथ्या अध्यायात पेत्र लगेच टोचतो. तुमच्यातल्या कुणाला दुःख भोगावं लागलंच तर ते खुनी म्हणून नको, चोर म्हणून नको, दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणूनही नको. म्हणजे झालेला प्रत्येक त्रास ख्रिस्तासाठी झाला असं परस्पर धरून चालू नका.

मला तो श्रावणातला रविवार आठवला. बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. भाजी विकणाऱ्या मावशी साखरेच्या पेशंट आहेत, पायाची जखम भरत नव्हती. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "विश्वास धरा, गोळ्यांची गरज उरणार नाही." मी तीस वर्षं नर्स होते. मी तिथेच बसले होते. आणि मी गप्प राहिले, पाहुण्यांचा मान म्हणून. नंतर मावशींना फाटकापाशी गाठून सांगितलं, गोळ्या सोडायच्या नाहीत हं. पण सगळ्यांसमोर नाही सांगितलं.

अर्जातल्या 'आजार बरे करण्याचं आमिष' या शब्दांत त्या दिवसाचा धागा आहे. महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ पासून आहे आणि त्याची गरज नाही असं कोणती नर्स म्हणेल? धर्मांतर, पैसा हे सगळं धादांत खोटं. पण एवढं एक वाक्य खोटं म्हणता येत नाही, आणि ते माझ्या बैठकीच्या खोलीत बोललं गेलं. आज रात्री मी छळाबद्दल नाही, त्याबद्दल क्षमा मागितली.

शुक्रवार

भाची आली होती. ती नगरला वकिली करते (अहिल्यानगर म्हणायला अजून जीभ वळत नाही). काल ठाण्यातून ह्यांच्या हातात नोटीस दिली, गुन्हा घडू नये म्हणून पोलीस देतात ती, पूर्वी जिला १४९ ची म्हणायचे. नव्या कायद्यात कलम १६८. तिने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "मामा, तोंडी काही बोलायचं नाही. लेखी उत्तर द्यायचं, दोन प्रती न्यायच्या, एकीवर पोहोच घ्यायची. शिक्का, तारीख, सही." संविधानाचं २५वं कलम तिने समजावलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली काय म्हटलं तेही सांगितलं, की धर्माचा प्रचार करायचा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यातून मिळत नाही. "तुम्ही प्रार्थना करता. एवढंच लिहायचं, पण तेवढं ठामपणे लिहायचं."

हे का-कू करायला लागले. आपण ख्रिस्ती माणसं, दुसरा गाल पुढे करणारी. कायद्याची भाषा आपल्याला शोभते का?

मग मी योहानाचा अठरावा अध्याय काढला. महायाजकापुढे उभं असताना एका शिपायाने येशूला चपराक मारली. दुसरा गाल पुढे करा म्हणणारा तोच येशू तिथे विचारतो, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, नीट बोललो असेन तर मारतोस का? उलटून मारत नाही. पण हिशेब मागतो. ही ओळ उत्तम शुक्रवारी दरवर्षी कानावरून जाते आणि आपल्याला फक्त ती चपराक आठवते.

आणि फिलिप्पै. प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय आम्ही रविवारच्या शाळेपासून ऐकतोय. मध्यरात्र, पौल आणि सीला खोड्यांत पाय असताना गाणी गातात, भूकंप होतो, बेड्या गळून पडतात. मुलांना तेवढंच सांगतात. भांडण सुरू कशावरून झालं ते सांगत नाहीत. भविष्य सांगणारी एक दासी बरी झाली आणि तिच्या मालकांची कमाई बुडाली. पण अधिकाऱ्यांपुढे त्यांनी कमाईचं नाव काढलं का? नाही. हे लोक आपल्या नगरात गोंधळ माजवतात, आपल्याला न शोभणाऱ्या रीती शिकवतात, अशी तक्रार केली. आमच्या आणि शेजारच्या घरामधला चार फुटी बोळ, त्यावर टाकू घातलेलं शटर, ह्यांनी नगरपालिकेत दिलेली हरकत आणि मार्चमध्ये थांबलेलं बांधकाम. त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी परिसरातले नागरिक जागरूक झाले.

गोष्टीचा शेवटही कुणी सांगत नाही. सकाळी अधिकारी चोपदारांकडून निरोप पाठवतात, सोडून द्या त्यांना. पौल जात नाही. आम्ही रोमी नागरिक, चौकशीशिवाय आम्हाला चव्हाट्यावर फटके मारले आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. आणि ते येतात, विनवण्या करतात. मला वाटतं, पौलाला स्वतःचा मान नको होता. तो तर गाव सोडूनच निघाला होता. पण निघायच्या आधी तो लुदियाच्या घरी गेला. त्याच घरात तिथले विश्वासणारे जमत असत आणि ते घर तिथेच राहणार होतं.

ह्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे पौलाने पोहोच घेतली म्हण की."

रमाबाईंचंही आठवलं. १८९३ साली पुण्यात त्यांच्या शारदा सदनावर, म्हणजे विधवांसाठी काढलेल्या शाळेवर, मुली बाटवल्याचा गिल्ला झाला, वर्तमानपत्रांतून झोड उठली, सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी कुणावर सक्ती केली नाही, पण स्वतः प्रार्थना करताना खोलीचं दारही लावून घेतलं नाही. आणि मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं १९९९ च्या जानेवारीत ओडिशात जाळली गेली तेव्हा त्यांच्या पत्नीने क्षमा केली. खटला मात्र चालला आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. त्या दुःखापुढे आमचा एक दिवस बाकावर बसण्याचा त्रास तो काय! पण क्षमा केल्याने खटला मागे घ्यावा लागत नाही, हे मला त्या माउलीमुळे कळलं.

शनिवार

पोहोच मिळाली. ठाणे अंमलदार आधी म्हणाले, ठेवून जा, बघतो. हे म्हणाले, "थांबतो मी." सव्वा तास उभे होते. बसले नाहीत. मग शिक्का पडला, थोडा तिरका. त्या 'रे'वाल्या पोराने आज विचारलं, "काका, पाणी पाहिजे का?" हे प्यायले.

रविवार

एरवी चौदा-पंधरा जण असतात, आज सहा आले. दार उघडंच ठेवलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन म्हटलं, पेटी हलकी वाजवायची की नेहमीसारखी, यावर आमचं थोडं झालं. नेहमीसारखी वाजवली.

सुरुवातीलाच मी उभी राहून सांगितलं, श्रावणात या खोलीत गोळ्या सोडण्याबद्दल जे बोललं गेलं ते चूक होतं आणि मी तेव्हा बोलायला हवं होतं. कुणी काही म्हटलं नाही. एक काकू खाली बघत होत्या. त्यांना आवडलं नसावं.

बोळाच्या पलीकडे खिडकी अर्धी उघडी होती. आजी तिथे बसतात दुपारच्या. त्यांच्यासाठी प्रार्थना केली, नाव घेऊन. मनापासून झाली असं म्हणवत नाही, पण झाली.

मावशी भाजीची पाटी ओट्यावर ठेवून आल्या होत्या. जाताना थांबवून साखर तपासली. २१२, जेवणानंतरची. गोळी चालू आहे म्हणाल्या. पट्ट्यांच्या डबीत आता चारच उरल्यात, उद्या मेडिकलमधून आणायला हव्यात.