आमची वाटचाल: बँकॉकच्या संध्याकाळी

बँकॉकची सहल म्हटली की आपल्याकडे अजूनही पुरुष एकमेकांकडे बघून हसतात आणि बायका विषय बदलतात. ठाण्यात आमची छोटी पर्यटन संस्था सुरू झाली तेव्हा विचारणाही तशाच यायच्या. फक्त मित्रमंडळी, दोन रात्री पट्टया, एक रात्र पॅटपाँग, म्हणजे बँकॉकमधल्या बदनाम बारच्या गल्ल्या. त्यात पैसा चांगला होता. आम्ही नवरा-बायकोनं तो घ्यायचा नाही असं ठरवलं. त्या शहराची रात्र आम्हाला मनापासून आवडते आणि ती त्या चार गल्ल्यांपुरती नाही, हे लोकांना दाखवायचं होतं.

थायलंडमध्ये गाइडचं काम कायद्यानं थाई नागरिकांसाठीच राखीव आहे, आणि ते योग्यच आहे. आमचे गट परवानाधारक थाई ताई नेतात. बारमध्ये कसं बसायचं हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. टेबलावर उसाच्या मळीपासून केलेल्या सांगसोम या थाई रमची एकच बाटली, बर्फ, सोडा, आणि ती सगळ्यांत मिळून. सोबत खाणं हवंच. शाकाहारी मंडळींसाठी सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, मागवताना फिश सॉस आणि सुकी कोळंबी वगळायला त्या आधीच सांगतात.

संस्थेला खरी दिशा दिली डोंबिवलीच्या मैत्रिणींच्या एका गटानं. व्हिक्टरी मॉन्युमेंटजवळच्या सॅक्सोफोन पबमध्ये त्यांना नेलं होतं. १९८७पासूनची ही जागा, रोज रात्री जॅझ आणि ब्लूज. निम्म्या जणी लिंबूपाणी पीत होत्या आणि कुणी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मुंबईच्या किती बारमध्ये बायकांना इतकं निवांत बसता येतं? त्यांच्या शिफारशींवर आमची पुढची गिऱ्हाइकं उभी राहिली. जाहिरातीवर आम्ही फारसा खर्च केलाच नाही.

मार्च २०२०मध्ये करोनामुळे बँकॉकचे बार बंद झाले. जुलैत उघडले, एप्रिल २०२१मध्ये पुन्हा बंद. करमणुकीच्या जागांना रीतसर परवानगी मिळाली ती थेट जून २०२२मध्ये. ओळखीचे वादक घरपोच जेवण पोचवू लागले होते. आम्ही कोकणच्या सहलींवर तग धरला, पण ताईंशी बोलणं एक आठवडाही तुटू दिलं नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश मिळाला आणि फोन पुन्हा वाजू लागले. त्याच डिसेंबरात बँकॉकमधल्या परवानाधारक जागांना पहाटे चारपर्यंतची मुभा मिळाली. आमचे गट मात्र मध्यरात्रीच्या सुमारास, बीटीएस या तिथल्या मेट्रोच्या शेवटच्या गाडीआधी परततात.

बाकी नियम थोडे आहेत. वीस वर्षांखालच्यांना दारू नाही, तिथला कायदाच तसा आहे. उंच इमारतींच्या गच्चीवरच्या बारमध्ये चपला आणि अर्धी चड्डी चालत नाही. रस्त्यावरचा दलाल ‘शो’ दाखवतो म्हणाला तर थांबायचं नाही, वर गेल्यावर भलतंच बिल हातात पडतं.

आता चायनाटाउनमधल्या सोई नाना या गल्लीची फेरी सुरू करतो आहोत. सुखुमवित रस्त्यावरचं नाना वेगळं, टॅक्सीवाल्याला नीट सांगावं लागतं. जुन्या दुकान-घरांतले छोटे बार, थाई वाद्यांची मैफल, आणि वनौषधी मुरवलेली दारू, यादोंग. जागा चिंचोळ्या आहेत, त्यामुळे एका वेळी सहाच जण नेऊ. डोंबिवलीकरांनी पहिली तारीख आधीच धरून ठेवली आहे.