रेडिंगची आळी, पोस्टमनच्या नजरेने

ठाण्याच्या नौपाड्यात मी एकतीस वर्षं टपाल वाटलं. घंटाळी, विष्णूनगर, भास्कर कॉलनी, आणि कुणी रजेवर गेलं की राम मारुती रोडसुद्धा. त्यामुळे लेकीकडे रेडिंगला गेलो तेव्हा पहिल्या सकाळी सगळ्यांनी बागा बघितल्या आणि मी दारं बघत उभा राहिलो. प्रत्येक दारावर नंबर, आणि दारातच पत्र टाकायची आडवी फट. हिने दोनदा हाक मारली तेव्हा कुठे मी आत गेलो.

रेडिंग लंडनच्या पश्चिमेला. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून वेगवान गाडीने अर्धा तासही लागत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आम्ही तिथे होतो. लेकीचं घर १९३०च्या आसपासचं, तिकडे ज्याला सेमी म्हणतात तसलं, म्हणजे दोन घरांना मधली भिंत एकच. मी त्याला जोडघर म्हणायचो. खाली-वर बाहेर फुगलेल्या खिडक्या, पुढे चार पावलांची बाग, कमरेएवढं झुडपांचं कुंपण. रस्ताभर तशीच घरं. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत त्या देशात जवळपास ४० लाख घरं उभी राहिली, त्यांत अशी जोडघरं बरीच. जमीन स्वस्त होती, कर्ज स्वस्त होतं, आणि गावाबाहेर राहून कामाला जायला रेल्वे आणि बस होत्या.

रस्त्याच्या एका बाजूला विषम नंबर, दुसऱ्या बाजूला सम. हे बघून मला खरोखर भरून आलं. आमच्याकडे पत्ता म्हणजे 'घंटाळी मंदिराच्या मागे, दवाखान्याच्या वर, जिन्याने डावीकडे'. नवा पोस्टमन बीटवर आला की सहा महिने त्याचे पत्ता पाठ करण्यातच जातात. तिथे एका पोस्टकोडात, म्हणजे तिकडच्या पिनकोडात, साधारण पंधरा घरं येतात. आमच्या ४००६०२मध्ये अख्खा नौपाडा मावतो. अर्थात पिनकोडचा मला अभिमानच आहे. १५ ऑगस्ट १९७२ला तो सुरू झाला आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हा आपला मराठी माणूस होता, संस्कृतात कविता करणारा. कामावर नवीन मुलगा आला की हे मी त्याला पहिल्या आठवड्यात सांगायचो. इतक्या भाषा, इतक्या लिप्या, एकाच नावाची दहा-दहा गावं, त्या सगळ्यांतून सहा आकड्यांनी वाट काढली.

कोपऱ्यावर लाल खांबाची टपालपेटी होती. तिच्यावर 'जी आर' अशी ठळक अक्षरं, म्हणजे पाचव्या जॉर्ज राजाच्या काळातली. घरं बांधली तेव्हाच ती रोवली असणार. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर पहिली खांबपेटी १८५३ साली कार्लाइलला लागली. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून पहिली गाडी आमच्या ठाण्याला आली. त्या पेटीशी मी रोज थांबायचो, पेटी उघडायची वेळ वाचायचो आणि पुढे जायचो.

दाराच्या फटीची गोष्ट मात्र मनातून जाईना. १८४०च्या आधी तिकडे पत्राचे पैसे बहुतेक वेळा घेणारा द्यायचा, त्यामुळे पोस्टमनला दार वाजवून पैसे मिळेपर्यंत थांबावं लागे. १८४०मध्ये एक पेनीचं टपाल आलं, तिकीट आलं, पैसे आधीच भरलेले. मग दारात थांबायचं कारण उरलं नाही. लोकांनी दाराला फट पाडली आणि पोस्टमन पत्र सरकवून पुढे निघाला. काम किती सोपं झालं असेल! पण माझी एकतीस वर्षं त्या थांबण्यातच गेली. मनीऑर्डर हातात द्यायची, रजिस्टरवर सही घ्यायची, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना पत्र वाचून दाखवायचं. म्हातारी दार उघडायला किती वेळ लावते यावरून तिच्या गुडघ्याचं मला कळायचं.

आणि ती शांतता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मी रस्त्यावर उभा होतो, दोन्ही टोकांपर्यंत माणूस नाही. लेकीला विचारलं, "आज सुट्टी आहे का गं?" ती म्हणाली, "नाही बाबा, असंच असतं." घरात माणसं असतात, पण आवाज बाहेर येत नाही. कुकरची शिट्टी नाही, कुणाचा टीव्ही नाही. समोरून कुणी आलं तर हसून 'मॉर्निंग' म्हणणार, हवेबद्दल एक वाक्य बोलणार आणि पुढे जाणार. पहिले पंधरा दिवस हिला फार जड गेले. ती मागच्या बागेत कपडे वाळत घालता घालता रडली होती, हे तिने मला जूनमध्ये सांगितलं.

मला ती आळी हळूहळू वाचता यायला लागली. कचऱ्याचे चाकं लावलेले मोठे डबे सोमवारी रात्री रस्त्याच्या कडेला येतात, एका आठवड्याला राखाडी, दुसऱ्या आठवड्याला लाल. कोणता डबा काढायचा याचा घोळ झाला की सगळे शेजारच्याचं बघतात. कुणाचा डबा सकाळी रिकामा होऊनही संध्याकाळपर्यंत बाहेरच राहिला, तर घर गावाला गेलंय. पत्र फटीत अर्धं लटकत राहिलं, तरीही तेच. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, मग भर उजेडात लहान मुलांच्या खोल्यांचे पडदे ओढले जातात. त्यावरून कुठल्या घरात मूल आहे ते कळतं. बोलत कुणी नसलं तरी घरं सगळं सांगत होती.

जोडघराच्या दुसऱ्या भागात त्र्याऐंशी वर्षांच्या बाई एकट्या राहायच्या. त्यांच्या घराची एक किल्ली आमच्या स्वयंपाकघरात हुकला टांगलेली होती. लेकीने पहिल्याच आठवड्यात बजावलं, "बाबा, नऊपर्यंत त्यांच्या वरच्या खिडकीचा पडदा उघडला नाही तर बेल वाजवायची. त्यांनीच सांगून ठेवलंय." लेक आणि जावई आठला कामावर निघत, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. मी ते ड्युटीसारखं केलं. चहा झाला की समोरच्या फुटपाथवर जायचं, वर बघायचं, परत यायचं. एप्रिलपासून एक दिवस चुकवला नाही. कधी त्या काचेतून हात करायच्या.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी रात्री आमचा डबा काढताना मी बघितलं, त्यांचा डबा बाहेर नव्हता. मला वाटलं, भरला नसेल. हे मला अजून लागतं. एकतीस वर्षं मी हेच बघत आलो होतो, आणि त्या रात्री बघूनही घरात जाऊन झोपलो.

मंगळवारी नऊला पडदा बंद होता. बेल वाजवली, उत्तर नाही. पुन्हा वाजवली. मग मी गुडघ्यावर बसलो, पत्राच्या फटीची झडप आत ढकलली आणि हाक मारली. इतक्या वर्षांत दारातून मी पत्रं आत दिली, आवाज पहिल्यांदाच दिला. आतून अगदी बारीक 'हॅलो' आलं.

किल्ली आणून दार उघडलं. बाई जिन्याच्या पायथ्याशी होत्या. संध्याकाळीच शेवटच्या पायरीवरून पडल्या होत्या. उठता आलं नाही, तेव्हा खुंटीवरचा कोट ओढून अंगावर घेतला होता. मध्ये फक्त एक भिंत, आणि त्या रात्रभर तिथे होत्या. माझं इंग्रजी कामापुरतं. लेकीला फोन लावला, तिने ९९९वर, तिकडच्या तातडीच्या मदतीच्या नंबरवर, कळवलं. ही त्यांच्याजवळ जमिनीवरच बसली, त्यांचा हात हातात घेऊन, मराठीत बोलत राहिली. "आलेच हं ते, आलेच." बाई मान हलवत होत्या.

उजवं मनगट मोडलं होतं, घोटा सुजला होता. चौथ्या दिवशी घरी आल्या. आठवड्याने आमच्या फटीतून एक पाकीट आत पडलं. तिकीट नाही, पत्ता नाही, फक्त आमची दोघांची नावं, डाव्या हाताने काढलेली वाकडीतिकडी अक्षरं. आत दोन ओळी. हयातभर मी लोकांची पत्रं वाटली, माझ्या नावाची फार थोडी आली. ते पाकीट आता देवघराच्या खणात आहे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ठाण्याला परतलो. स्टेशनबाहेरच्या गोंगाटाने हिला इतका आनंद झाला की रिक्षात तिने माझा दंड घट्ट धरला. आमच्या बिल्डिंगमध्ये आवाजाला तोटा नाही. पण टपालाच्या पेट्या कधीच्या खाली जिन्याशी आल्यात, दारांना ग्रिलं बसलीत, आणि तिसऱ्या मजल्यावर नाना एकटे राहतात. मुलगा पुण्याला. मी त्यांना म्हटलं, "नाना, एक किल्ली माझ्याकडे ठेवा." ते म्हणाले, "कशाला रे उगाच? चोवीस तास माणसं आहेत बिल्डिंगमध्ये." मी त्यांना जिन्याच्या पायथ्याची गोष्ट सांगितली. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. दिवाळीच्या आदल्या दिवशी स्वतः खाली आले आणि सुतळी बांधलेली किल्ली हिच्या हातात ठेवून गेले.

त्यांच्या ग्रिलच्या कडीत पेपरवाला साडेसहाला पेपर अडकवतो. आठ वाजता मी वर जाऊन बघतो. आज पेपर आत घेतलेला होता.