मुंबई–लंडन, वाटेत एक सेव्ह: वान सरोवरावरची ती दोन मिनिटं

'सेव्ह करून झोपा, दुसऱ्या दिवशी जिथे थांबलात तिथूनच पुढे.' फ्लाइट सिम्युलेटरच्या मदतीच्या पानावर हेच लिहिलं होतं आणि मी विश्वास ठेवला. ते खरं नाही. विमान त्याच जागी सापडतं, ऑटोपायलट मात्र सापडत नाही. लांब पल्ल्याचं उड्डाण दोन रात्रींत पुरं करणार असाल तर आधी हे वाचा. एफएमसी (मार्ग सांभाळणारा विमानातला कॉम्प्युटर) भरता येतं आणि बोइंग ७७७ चं पॅनल हाताखालचं आहे, असं धरून चाललोय.

विमान ७७७-३००ईआर, अंतर सुमारे ७२०० किलोमीटर, इंधन ८४ टन. रात्री नऊला मुंबईच्या धावपट्टी २७ वरून निघालो, जुहूवरून समुद्रात. ओमानचं आखात, शिराझ, तब्रीझ, सगळं सुरळीत. सव्वा वाजता तुर्कस्तानात वान सरोवरावर ३६,००० फुटांवर होतो. सकाळी मुलुंडहून साडेसातची फास्ट गाठायची होती, म्हणून सेव्ह केलं आणि झोपलो.

दुसऱ्या रात्री पुन्हा नऊला उघडलं. सेव्ह केलं तेव्हा बाहेर काळोख होता, आता समोर मावळतीचं ऊन. सिम्युलेटरने आजचं घड्याळ धरलं होतं आणि वारेही आजचे. ऑटोपायलट बंद. मी घाईने ऑटोपायलट आणि एलनॅव्ह (एफएमसीतल्या मार्गाने विमान नेणारं बटण) दोन्ही दाबले, आणि विमान डावीकडे कलून वळतच राहिलं. मला वाटलं वाऱ्याचा झटका असेल. नकाशा बघितला तर चालू वेपॉइंट (मार्गावरचा ठरलेला बिंदू) मुंबईच्या किनाऱ्याजवळचा, यादीतला अगदी पहिला. सव्वाचार तास उडून आलेलं विमान मुंबईला परत निघालं होतं.

तेवढ्यात वेग. ऑटोथ्रॉटल (इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) आर्म, म्हणजे तयार, नव्हता आणि टेबलावरचा इंजिनांचा लिव्हर मी आदल्या रात्री खाली ओढून ठेवला होता, म्हणजे इंजिनं आयडलवर, किमान ताकदीवर. २७८ नॉट्स होते ते २४० झाले, मग २१५, आणि स्टिक हलायला लागली, म्हणजे स्टॉलचा (वेग कमी पडून पंखांचा आधार सुटण्याचा) इशारा. या उंचीवर स्टॉल आणि ओव्हरस्पीड यांच्यात जागाच थोडी असते, त्यात विमान वळणात. नाक खाली घालून सावरलं तेव्हा २४,००० फूट उरले होते. ईशान्येला ५१३७ मीटरचा अरारात डोंगर उभा आहे. काळोखात आणि ढगांत हेच झालं असतं तर काय, हा विचार अजून जात नाही. पुन्हा वर चढून मार्गावर येण्यात दोन टन इंधन गेलं.

मग तीच फाइल मी चार वेळा उघडून तपासली. जो क्रम ठरला तो असा. उघडताक्षणी पॉज. पण विमान जागेवर थिजवून इंजिनं चालू ठेवणारा पॉज नको, सगळं थांबवणारा हवा. लिव्हर अंदाजे क्रूझच्या (उंचीवरच्या सपाट उड्डाणाच्या) जागी न्या. हवामान तात्पुरतं शांत ठेवा. जेट स्ट्रीमचा वारा एकदम बदलला तर वेगही एकदम उडी मारतो. मग बॅरोमीटर (उंचीमापकात भरायचा हवेचा दाब) बघा. माझा मुंबईच्या पावसाळी १००२ वर परत गेला होता. स्टँडर्ड १०१३ पासून ११ हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास ३०० फुटांचा फरक, आणि ऑटोपायलट तो भरून काढायला निमूट वर चढतो.

पॉज काढल्यावर आधी हेडिंग होल्ड आणि अल्टिट्यूड होल्ड, म्हणजे आहे ती दिशा आणि आहे ती उंची. हेडिंग सिलेक्ट नको: खिडकीत ००० आलेलं असतं, विमान उत्तरेला वळेल. एफएलसीएच (खिडकीतल्या उंचीकडे नेणारं बटण) तर मुळीच नको, कारण उंचीच्या खिडकीत १०,००० बसलेले असतात. वेगाच्या खिडकीत माक (आवाजाच्या वेगाच्या पटीत मोजलेला वेग) ०.८४, ऑटोथ्रॉटल आर्म, मग ऑटोपायलट. आता एक मिनिट कशालाही हात लावू नका. विमान स्थिर झालं की एफएमसीच्या लेग्जच्या पानावर (वेपॉइंटच्या यादीत) खरा पुढचा वेपॉइंट पहिल्या ओळीत आणा, बदल पक्का करणारं एक्झेक दाबा, नकाशावर रेघ समोर जाते ना ते बघा आणि मगच एलनॅव्ह. व्हीनॅव्ह (उंची एफएमसीच्या हाती देणारं बटण) त्यानंतर, तेही एफएमसीत क्रूझची उंची ३६० (म्हणजे ३६,००० फूट) दिसत असेल तरच. शेवटी खरं हवामान सुरू करा.

एअरबसवाल्यांनी लिव्हर क्लाइंबच्या खाचेत आहे ना ते आधी बघावं, आणि हेडिंग व वेगाचे नॉब ओढून (आकडे आपले) सुरुवात करावी, ढकलून (आकडे कॉम्प्युटरचे) नाही.

इंधनही तपासा. चारपैकी एका वेळी टाक्यांत पुन्हा ८४ टन आले होते. म्हणजे विमान ३६ टनांनी जड, आणि त्या वजनाला ३६,००० फूट फार होतात. नाक वर करून कसंबसं तरंगत होतं.

सेव्ह करताना वहीत सात गोष्टी लिहा: हेडिंग, उंची, माक, इंधन, पुढचा वेपॉइंट, बॅरोमीटर आणि झुलू (यूटीसी) वेळ. विमान वेगळं विकत घेतलेलं असेल तर त्याची पॅनलची अवस्था बहुधा वेगळ्या फाइलमध्ये जाते. दोन्ही एकाच नावाने सेव्ह करा. मी पॅनलची फाइल सेव्ह केली नव्हती आणि अर्धा घोटाळा तिथेच झाला. वळणात, चढताना किंवा डोंगरांवर सेव्ह करू नका. मी पंधरा मिनिटं आधी इराणातच थांबायला हवं होतं असंही नाही, तिथेही डोंगरच; आणखी तासभर जागून काळ्या समुद्रावर सेव्ह करायला हवं होतं. उतरणीला १०० मैल उरले असतील तर सेव्हचं नावच काढू नका, उतरवूनच उठा.

काळ्या समुद्रापासून पुढचा युरोप शांत गेला. हीथ्रोच्या २७ राइटवर उतरलो तेव्हा १० टन शिल्लक होते आणि मुंबईत पहाटेचे अडीच वाजून गेले होते.